आपोआप काही होणार नाही

"काल मी गेल्यावर काय बदललं?"

सकाळी जिना चढून आले की पायातल्या चपला काढायच्या आधी सरांचा हा प्रश्न. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एक चप्पल पायात, एक हातात, चष्मा कपाळावर, आणि नजर अशी की आम्ही सहाजणांनी मिळून संध्याकाळी भिंतीच सरकवल्या असाव्यात. कुणी "काही नाही, सर" म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न यायचा, "हे तपासून सांगताय की सवयीनं?"

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. असतील तर माझी सहानुभूती घ्या. नसतील तर तो माणूस तुम्हीच आहात का, हे एकदा घरी विचारून बघा.

मी शिरूरचा. आधी शाळेत इंग्रजी शिकवायचो. दोन हजार साल उलटून गेल्यावर ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं, त्यात आमच्या गावातल्या एका सिमेंट-पाइपवाल्याच्या मुलानं पुण्यात कंपनी काढली. मग त्याला ग्रामीण भागाचा उद्धार करायची हौस आली आणि कंपनीची एक शाखा त्यानं वडिलांच्या दुकानाच्या माडीवर उघडली. खाली सिमेंटची पोती, वर आयटी. सकाळी पुसलेली फरशी दुपारपर्यंत राखाडी व्हायची आणि आमचे कीबोर्ड इतके कडक झाले होते की पाणी मारलं असतं तर पक्के बसले असते.

काम मात्र मोठं होतं. मोबाईलच्या रंगीत स्क्रीनसाठी चिप बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीला एक भाषा ठरवून द्यायची होती. माणसांनी बोलायची भाषा नव्हे. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याला कोणता रंग द्यायचा, हे चिपला सांगणारे छोटे छोटे प्रोग्राम असतात, त्यांना शेडर म्हणतात. ते लिहायची भाषा. मी घरी मोठ्या अभिमानानं सांगितलं की आम्ही शेडरची भाषा लिहितोय. वडील म्हणाले, "पोल्ट्रीच्या शेडचं काम दिसतंय." मी ते दुरुस्त केलं नाही. पोल्ट्री म्हटल्यावर त्यांना माझ्या भवितव्याची काळजी तरी राहिली नाही.

या भाषेचे नियम ज्या जाड कागदपत्रात लिहायचे त्याला स्पेक म्हणायचे. नियम सर ठरवणार आणि त्यांचं इंग्रजी मी सरळ करणार, अशी वाटणी. शाळा सोडली मी, आणि सर म्हणवून घ्यायचे ते. मला ते 'मास्तर' म्हणत. माझ्या वाक्यात 'शॅल'च्या जागी 'मे' पडला की टेबलावर बोट आपटून म्हणायचे, "मास्तर, 'केलंच पाहिजे' आणि 'केलं तरी चालेल' यातला फरक तुम्ही मुलांना शिकवत होता की नाही?" मी शिकवत होतो. मुलं शिकत नव्हती, आणि आता मलाही शंका यायला लागली होती.

सर दौंडचे. रेल्वे कॉलनीत वाढलेले, वडील रेल्वेतच रिटायर झालेले. चाळिशीला टेकले होते, लग्न झालं नव्हतं, भाऊ-वहिनींकडे राहायचे. रोज दौंडहून चौफुल्यापर्यंत एक गाडी आणि तिथून न्हावऱ्यावरून शिरूरला जीप. या जीपच्या प्रवासात त्यांनी जेवढं वैर कमावलं तेवढं आमच्या तालुक्यात निवडणुकीला उभं राहूनही कुणाला कमावता येत नाही. कारण सीट तिघांची आणि बसणार चौघं. सर चौथ्याला बसू देत नसत.

"सायेब, जरा सरकून घ्या की. रोजच बसत्यात चारजण," असं ड्रायव्हर म्हणायचा.

"बसतात. पण सीट तिघांची आहे. तुम्ही चौघांची म्हणून बनवून घ्या, मी सरकतो."

शेवटी चौथा माणूस टपावर जायचा आणि वरून सरांच्या नावानं जे काही म्हणायचा ते वाऱ्यानं मागच्या गावाला ऐकू यायचं.

स्पेकमध्ये प्रकरणं पुष्कळ होती, पण सरांचा जीव एकाच प्रकरणात होता: टाइप कन्व्हर्जन. घाबरू नका, मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल. कॉम्प्युटरला आकडे वेगवेगळ्या प्रकारचे असतात. काही पूर्णांक, म्हणजे एक, दोन, तीन. काही दशांशाचे, म्हणजे अर्धा, पाव, पाऊण. शिवाय एक प्रकार नुसता हो-नाहीचा. आता दशांशाच्या जागी कुणी पूर्णांक लिहिला तर काय करायचं? बऱ्याच भाषा समजूतदारपणे तो आपोआप बदलून घेतात. राहिलं असेल बिचाऱ्याचं लिहायचं, असं म्हणून पुढं जातात. सरांचा नियम एका ओळीचा होता: आपोआप काही होणार नाही. ज्याला बदल हवा त्यानं तसं लिहावं. नाही लिहिलं तर एरर.

मी एकदा विचारलं की यात एवढं काय आहे. सरांनी खालून दोन चहा मागवले, एक छोट्या ग्लासात आणि एक मोठ्या, शिवाय एक मोठा ग्लास रिकामा. छोट्या ग्लासातला चहा रिकाम्या मोठ्या ग्लासात ओतला, सांडला नाही. मग भरलेल्या मोठ्या ग्लासातला छोट्यात ओतायला लागले. तो माझ्या स्पेकवर सांडला.

"जे सांडलं ते कुठं गेलं, हे भाषेनं सांगायला नको?"

"माझ्या कागदांवर गेलं," मी म्हटलं.

"तुम्ही चेष्टा करा. पण कळलं ना?"

"कळलं. पण पहिल्या वेळी तर सांडला नव्हता. पूर्णांकाचा दशांश करताना काही सांडत नसेल, तर तेवढं तरी आपोआप होऊ द्या."

सरांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी त्यांच्या ताटातला घास उचलला असावा. म्हणाले, "सांडत नाही म्हणून न विचारता ओतायचा? आणि मोठा आकडा असला की शेवटचे अंक सांडतात, मास्तर. इतके बारीक की कुणाला दिसत नाहीत. दिसत नाही ते सांडणं जास्त वाईट."

त्यांचा लाडका दाखला मात्र दौंड स्टेशनचा. पुण्याहून नगरकडं जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन सोडतात, वळसा घालून आणतात आणि मागच्या टोकाला जोडतात. गाडीचं शेपूट तोंड होतं. परगावचे प्रवासी चहा पिऊन डब्यात येतात आणि गाडी उलटी निघाली म्हणून ओरडतात. सर म्हणायचे, "लहानपणापासून बघतोय. एवढी मोठी गाडी दिशा बदलते, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. एक माणूस खाली उतरून कपलिंग काढतो, दुसरा झेंडी दाखवतो. मुकाट्यानं काही होत नाही. भाषा अशी पाहिजे." हे ऐकून खालच्या दुकानाचे म्हातारे मालक एकदा म्हणाले, "खरं हाय, आन् म्हनूनच ती गाडी आर्धा तास लेट होती."

मालकांचं हे मत पुढं परदेशी कंपनीचंही झालं. त्यांच्या प्रोग्रामरांना जागोजागी एरर यायला लागल्या होत्या. त्यांचा निरोप आला की एवढं एक प्रकरण सैल करा. सरांनी 'नाही' असं कळवलं, कारणांसकट. कारणं अकरा पानांची होती. ती मी सरळ केली, त्यामुळं त्यांच्या कंटाळवाणेपणाला निम्मा जबाबदार मी आहे.

आता मूळ गोष्टीकडं येतो. सरांच्या डोक्यात हा नियम स्पेकपुरता राहिला असता तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

माझ्या बायकोला कुणी बिनलग्नाचा दिसला की झोप लागत नाही. तिनं सरांना एकदा आमच्याकडं जेवायला बोलावलं, आणि हा माणूस भाजी कशी झाली म्हटल्यावर "मीठ कमी आहे, बाकी उत्तम" असं सांगतो म्हणून ती खूश झाली. मी तेच म्हटलं असतं तर आठवडाभर अळणी खावं लागलं असतं. तिची मामेबहीण केडगावला होती, मनीषा. स्टेशनजवळ टायपिंगचा क्लास चालवायची. तिशी ओलांडली होती. कॉम्प्युटर आल्यापासून क्लासची मशिनं एकेक करून झाकली जात होती, पण ती रोज सगळी पुसायची.

आम्ही सरांना घेऊन केडगावला गेलो. पोहे झाले. सर्वसाधारण मुलगे विचारतात त्यातलं सरांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं की टाइप करताना पानाच्या शेवटी चूक झाली तर काय करता. मनीषा म्हणाली, "पोरं पांढरा रंग लावत्यात. मी पान काढून परत पहिल्यापासनं मारते. रंग लावलेलं कळतंच की."

सरांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. मी त्यांना तीन वर्षं ओळखत होतो. माणूस प्रेमात पडतो तेव्हा चष्मा खाली घेतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

निघताना मामा, म्हणजे मनीषाचे वडील, म्हणाले, "कळवतो."

आता तुम्ही आमच्याकडचे असाल तर पुढचं सांगायची गरज नाही. आमच्याकडं सोयरिकीला तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. उद्या त्याच माणसाशी बाजारात गाठ पडायची, एखाद्या मयताला शेजारी उभं राहायचं; कडू कशाला व्हा? म्हणून 'कळवतो' म्हणायचं. पसंत असेल तर चार दिवसांत निरोप येतो. नसेल तर येत नाही, आणि मुलाकडच्यांनी पंधरा दिवसांत काय ते समजून घ्यायचं. शिवाय इतर खुणाही असतात. पोह्यांची दुसरी वाढ विचारली गेली नव्हती आणि फाटकापर्यंत पोचवायला कुणी आलं नव्हतं. बायकोनं परतीच्या वाटेवरच माझ्याकडं बघून मान हलवली होती.

सर जीपमध्ये माझ्या शेजारी बसून म्हणाले, "कळवणार आहेत."

पंधरा दिवस झाले, महिना झाला. सर आठवड्यातून एकदा विचारायचे, "मास्तर, केडगावहून काही?" मी नाही म्हणायचो. ते मान डोलवायचे, म्हणजे उत्तर यायचं आहे. दौंडला त्यांच्या वहिनींनी दोन स्थळं आणली, एक कुरकुंभचं आणि एक पाटसचं. सरांनी दोन्हींकडं जायला नकार दिला. एक उत्तर येणं बाकी असताना दुसरीकडं विचारणं योग्य नाही, असं म्हणाले. वहिनींनी कपाळाला हात लावला आणि मला फोन केला.

"भाऊजींना सांगा हो तुम्ही तरी. त्या लोकांचं न्हाई हाय ते. शेंबड्या पोराला कळंल."

मी सांगायचा प्रयत्न केला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून हळूच म्हटलं की सर, आता कळवलं नाही म्हणजे नाहीच समजायचं असतं.

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनीच. रीत आहे."

"म्हणजे उत्तर आलेलं नाही आणि तुम्ही त्याचा आपोआप 'नाही' करताय." त्यांनी भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "ज्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही त्याचं उत्तर 'नाही' नसतं, मास्तर. ते 'आलेलं नाही' एवढंच असतं. आपल्या स्पेकमध्ये हो-नाही कशातूनही आपोआप तयार होत नाही. तुम्हीच टाइप केलंय ते."

मीच टाइप केलं होतं. माणसाला आपल्याच कष्टाचं फळ कसं मिळतं पाहा. ऑफिसात मग हा चेष्टेचा विषय झाला. कुणी रजा मागितली आणि मॅनेजर बघू म्हणाला की बाकीचे म्हणायचे, थांब, अजून कळवलेलं नाही. आम्ही पुष्कळ हसलो. सरांना ऐकू जायचं. ते आमच्याकडं न बघता विचारायचे, "हसण्यासारखं काही बदललंय का?"

त्याच दिवसांत परदेशी कंपनीचा पाहुणा आमची भाषा प्रत्यक्ष बघायला शिरूरला आला. मालकाच्या मुलानं खालची पोती ताडपत्रीनं झाकली, जिन्याला झेंडूचं तोरण लावलं. पाहुण्यानं नमुन्याचा प्रोग्राम स्वतः लिहून आणला होता: लाल रंगाचा एक गोळा, निम्म्या उजेडात. आम्ही सगळे मोठ्या स्क्रीनसमोर उभे राहिलो. सरांनी बटण दाबलं. स्क्रीन काळी कुट्ट.

शिरूरमध्ये त्या वर्षी लाइट असण्यापेक्षा नसण्याचा काळ जास्त होता. त्यामुळं स्क्रीन काळी दिसल्याबरोबर मालकाचा मुलगा जिन्यातून खाली ओरडला, "लाइट गेली रे, जनरेटर लाव." खाली धावपळ झाली, जनरेटर धडधडायला लागला, आणि मगच कुणाच्या तरी ध्यानात आलं की डोक्यावर पंखा फिरतोय आणि ट्यूबही चालू आहे.

"लाइट आहे," सर शांतपणे म्हणाले. "उत्तर शून्य आहे."

झालं होतं असं: पाहुण्यानं निम्मा उजेड म्हणून आधी एकाला दोननं भागलं होतं आणि आलेल्या उत्तराचा मग दशांश केला होता. एक पूर्णांक, दोनही पूर्णांक, म्हणून आमच्या भाषेनं उत्तरही पूर्णांकातच दिलं, शून्य. त्या शून्याचा पुढं दशांश केला तरी तो शून्यच राहणार. उजेड शून्य म्हणजे काळोख. सरांनी हे पाहुण्याला इंग्रजीत, अत्यंत नम्रपणे आणि अत्यंत असह्य रीतीनं समजावलं. शेवटी म्हणाले की भाषेनं तुमचं शब्दशः ऐकलं, तुम्ही काळा रंग मागितला होता.

पाहुणा हसला. जिना उतरताना हात मिळवून म्हणाला, "वुई विल लेट यू नो."

मी इंग्रजीचा मास्तर. मला ते मराठीत ऐकू आलं. सरांकडं पाहिलं तर ते समाधानी होते. एकाऐवजी आता दोन ठिकाणांहून कळवणार होते.

उन्हाळा लागला तसं बायकोला कुठूनतरी कळलं की मामांनी मनीषासाठी बारामतीकडचं एक स्थळ बघितलंय, ट्रान्सपोर्टवाला. मला वाटलं, हे सांगितलं की सरांचं आपोआप संपेल. मी सांगितलं. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग म्हणाले, "रविवारी केडगावला जाऊ. तुम्ही बरोबर चला. उत्तर ऐकतो आणि येतो."

बायको घरी माझ्यावर तडकली. "तुम्ही त्यांना घेऊन जाऊ नका. मामाची फजिती होईल, त्यांचीबी होईल, आन् शेवटी सगळं माझ्यावर येईल." हे तिन्ही खरं होतं. तरी मी गेलो. खरं सांगू का, त्यात थोडी मजा बघायची इच्छाही होती.

मामा कांद्याच्या चाळीत होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा कांदा कापल्यासारखा झाला, पण रीत सुटली नाही. घोंगडी टाकली, चहा आला. मामांनी कालव्याच्या पाण्याचं सांगितलं, कांद्याच्या भावाचं सांगितलं, रोगाचं सांगितलं. सर ऐकत राहिले. मामांचे विषय संपले तेव्हा म्हणाले,

"मामा, तुम्ही कळवतो म्हणाला होता."

"व्हय व्हय. बगू की. घाई काय हाय? तिच्या भावाला इच्यारतो आन् कळवतो."

"म्हणजे नाही असं समजू?"

"न्हाई म्हनलो का मी?"

"मग हो?"

"व्हय बी न्हाई म्हनलो." मामांनी माझ्याकडं पाहिलं. "जावईबापू, काय वं हे?"

जावईबापूंनी चाळीतल्या कांद्यांकडं पाहिलं. मोठे सुबक कांदे होते.

"मनीषांना विचारलंत का?" सर म्हणाले.

"तिला काय इच्यारायचं?"

"मग मी विचारतो. तुमच्यासमोर."

मामा उठायच्या आत मनीषा दारात आलेली होती. आतून सगळं ऐकत असणार. बोटांना रिबिनीची शाई लागलेली होती. सर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा आवाज जरा कापरा वाटला, पण वाक्य तपासून घेतलेलं होतं.

"माझ्याशी लग्न करायची तुमची इच्छा आहे का? हो म्हणा, नाही म्हणा. दोन्ही चालेल."

"मला इच्यारताय?"

"तुम्हालाच."

तिनं वडिलांकडं पाहिलं नाही. विचार केला. खरोखर केला, कपाळावर आठी पडलेली मला दिसली. तेवढ्या वेळात मामांनी दोनदा घसा साफ केला, तरी ती घाईत आली नाही.

"न्हाई," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. "ठीक. कारण सांगायलाच पाहिजे असं नाही. पण सांगितलंत तर बरं होईल."

"तुम्ही चांगलं हायसा. त्यात काय न्हाई." ती थोडी थांबली. "पन रोजच्या रोज इतकं नीट बोलायला माझ्याच्यानं जमायचं न्हाई."

मला हसू आलं आणि ते आतच गिळावं लागलं. सरांनी हात जोडले, "आभारी आहे," म्हणाले, आणि उरलेला चहा उभ्यानं पिऊन टाकला. या वेळी मामा फाटकापर्यंत पोचवायला आले. म्हणजे 'नाही' ऐकल्यावर मान मिळाला, जो 'कळवतो' ऐकल्यावर मिळाला नव्हता.

चौफुल्याला दौंडची गाडी यायची होती. सर माझ्याबरोबर शिरूरच्या जीपपर्यंत आले आणि मग एकदम, मीही येतो, थोडं काम आहे म्हणाले. रविवारी ऑफिसला कुलूप असतं हे त्यांना माहीत होतं. न्हावऱ्याला आमच्या सीटवर चौथा माणूस चढला, गठुळं घेऊन. सर काही न बोलता सरकले. ड्रायव्हरनं आरशातून दोनदा बघितलं. शिरूर यायच्या जरा आधी सर म्हणाले, "चांगलं उत्तर होतं." आणि मग, "कारणासहित."

तुम्हाला वाटत असेल, या धक्क्यानंतर माणूस मऊ झाला असेल. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला असेल की राहू द्या, पूर्णांकाचा दशांश आपोआप होऊ द्या. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी तर त्यावर घरी थोडं भावुक भाषणही केलं होतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी प्रकरणात एक कलम वाढवलं: एरर द्यायची तर पहिल्याच वेळी द्यावी, आणि का दिली ते सांगावं. मी ते इंग्रजीत उतरवताना सवयीनं 'मे' लिहिलं. सर माझ्या खांद्यामागं उभे होते. बोट आपटलं नाही. नुसतं म्हणाले, "शॅल."

पावसाळ्याच्या शेवटी परदेशातून छापलेलं स्पेक आलं. सुंदर बांधणी, गुळगुळीत कागद. मालकाच्या मुलानं पेढे आणले. सरांनी पेढा हातात धरून आपलं प्रकरण उघडलं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त एक वाक्य नव्हतं आणि त्या जागी दुसरं होतं: दशांशाच्या जागी पूर्णांक आल्यास तो आपोआप बदलला जाईल. असा बदल करतोय म्हणून पत्र नाही, फोन नाही, तळटीप नाही. न सांगता काही बदलू नये असं सांगणारं प्रकरण त्यांनी न सांगता बदललं होतं.

मालकाच्या मुलानं समजूत घातली, "सर, एक ओळ तर बदललीय. बाकी सगळं तुमचंच आहे की."

"बदललं त्याचं काही नाही," सर म्हणाले. "सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. हरलो असतो. हरायला माझी हरकत नव्हती."

त्यांनी पेढा खाल्ला आणि पुस्तक मिटलं. महिन्याच्या आत ते हैदराबादला गेले. जाताना रीतसर राजीनामा दिला, प्रत्येकाला वेगवेगळं सांगून गेले. तिथून पुढं परदेशी गेल्याचं वहिनींकडून कळलं, मग भाऊ-वहिनीही पुण्याला राहायला गेले आणि कळायचं बंद झालं. आमची शाखा वर्षभर टिकली. माडीवर आता पाइप ठेवतात. मी परत शाळेत गेलो. पोरांच्या वह्यांवर लाल पेननं खूण करताना पूर्वी नुसती फुली मारायचो, आता बाजूला का चुकलं तेही लिहितो. त्यामुळं वह्या तपासायला दुप्पट वेळ लागतो आणि बायको सरांना शिव्या देते.

मनीषाचं लग्न बारामतीच्या ट्रान्सपोर्टवाल्याशी झालं. मामांनी पसंती बैठकीतच दिली. कळवतो म्हटलं नाही. टायपिंगची मशिनं भंगारात गेली. मध्यंतरी माझ्या पुतणीच्या लग्नात ती भेटली. अंगानं भरली होती, गळ्यात चार पदर सोनं. वाढप्यानं नुकतीच गरम जिलबी वाढली होती. ताट हातात घेऊन ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली,

"दाजी, ते दौंडचे सर कुठं असत्यात आता?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं.

"चांगला मानूस हुता," ती म्हणाली. मग जरा हसली. "मला जन्मात येकदाच कुनीतरी इच्यारलं, आन् मी न्हाई म्हनून बसले."

मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात मांडवाच्या दारातून तिच्या नवऱ्यानं हाक मारली की निघायचंय, बस गाडीत. त्यानं गाडी आधीच चालू केली होती. मनीषानं न तोडलेली जिलबी, भात, सगळं तसंच असलेलं ताट खुर्चीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि गेली.